बोरमाळेचे वजन

कडावच्या ऐनकरांच्या घरात साळू सून म्हणून आली ती हातात सोन्याच्या दोन पाटल्या घेऊनच. ही साळू भाताच्या राशीवर, कुणी हात घातला तर कळावे म्हणून, राखेचे ठसे उठवून मगच अंथरुणाला पाठ टेकत असे. तिने पाटल्या आपल्या सुनेला, गंगूला, दिल्या. गंगू दूध मापणाऱ्या गड्याच्या हातावरची नजर कधी काढत नसे. गंगूने त्या काशीला दिल्या. काशीने पेटीच्या कडीत डोक्याचा एक केस अडकवून ठेवण्याची रीत पाडली. केस तुटलेला दिसला की त्या दिवशी घरात कुणाला चूल पेटवू देत नसे. आणि काशीने, जीव जाण्याआधी शुद्ध होती तेवढ्यात, पाटल्या आणि पेटीची किल्ली चंद्राबाईच्या हवाली केली व म्हणाली, "बाहेरच्यावर कुत्रा भुकतो. घरातल्यावर तूच नजर ठेव."

चंद्राबाईने ती ठेवली. मालक वारले तेव्हा तिने काचेचा चुडा उतरवला, पाटल्या उतरवल्या नाहीत. "ह्या त्यांच्या न्हवत्या. सासूच्या हायेत," असे तिने जमलेल्या बायकांना ऐकवले.

वैशाखातली सकाळ होती. गोठ्यात चार म्हशी. चंद्राबाई उकिडवी बसून धार काढत होती आणि तिची सून वनिता आंबोणाची घमेली पुढे सरकवत होती. दूध न्यायला भिसेगावचा टेंपो यायला अवकाश होता. वनिताने हात पदराला पुसले, कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि म्हशीच्या पाठीवरून पुढे धरला.

"आत्याबाई, म्हशींच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काल भरला. कंपनीनं उतारा दिला. ह्यात लिवलंय."

"काय लिवलंय?"

"छत्तीस हजार विम्याचे कापले. पैसे हातात यायच्या आधीच. कर्जाचा विमा म्हणून."

चंद्राबाईची धार थांबली नाही. कासंडीत फेस चढत राहिला.

"कुणी छापून दिला?"

"कंपनीनं."

"झेरॉक्सवाल्याकडं काय बी छापून मिळतं."

वनिताने कागदाची घडी पुन्हा घातली आणि ती घमेल्याकडे वळली. तिचा गळा मोकळा होता. काळे मणी तेवढे होते. त्याखाली, जिथे बोरमाळ रुळायची, तिथली कातडी अजून जराशी उजळ दिसे. ती उजळ रेघ चंद्राबाईने रोज पाहिली होती आणि रोज मान वळवली होती.

ती गोष्ट अशी. म्हशींसाठी कर्ज काढले ते वनिताच्या नवऱ्याच्या, म्हणजे दत्ताच्या नावावर. दत्ता खालापूरच्या कारखान्यात पाळीवर. त्याने बँकेतून रक्कम काढली आणि पाळी गाठायची म्हणून पिशवी स्टँडवरच बायकोच्या हाती दिली. वनिता पिशवी पोटाशी धरून घरी आली. चंद्राबाईने ओसरीवर पाटावर बसून पैसे मोजले आणि ते ठरल्यापेक्षा कमी भरले. दत्ता म्हणाला, "आये, साहेब म्हनला खर्च कापलाय." कसला खर्च, ते त्याला सांगता आले नाही. चंद्राबाईने ताडले, पोरगा बायकोचे झाकतो आहे. त्यातून त्याच महिन्यात वनिताच्या भावाने खालापूरकडच्या आपल्या घरावर नवे पत्रे टाकले होते. मग आणखी कशाचा पुरावा हवा?

तिने शिवीगाळ केली नाही. ऐनकरांच्या घरात शिवीगाळ होत नाही. तिने फक्त हात पुढे केला आणि म्हणाली, "बोरमाळ काढ." वनिताच्या बापाने दोन एकरांतले अर्धे विकून घातलेली ती बोरमाळ कर्जतच्या सोनाराकडे मोडली, आणि चौथी म्हैस आली. पेटीजवळ जायला वनिताला मनाई झाली. दुधाचे पैसे चंद्राबाई स्वतः घेऊ लागली. त्यानंतरच्या प्रत्येक गौरीला गावातल्या सुना दागिने लेवून सुपातले वाण गौरीला ओवसायला उभ्या राहिल्या तेव्हा वनिता खांबाआड पदर ओढून उभी राहिली. कुणी विचारले तर म्हणायची, "कडी तुटली, सोनाराकडं टाकलीय." सासूची इभ्रत तिने कुणापुढे सांडली नाही, आणि नेमके हेच चंद्राबाईला खटके. चोर नसती तर बोंबलली असती, असा तिचा हिशेब.

दूध टेंपोत चढवून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या मी येते त्या कंपनीत. तू आधी भेटलीस का तिथल्या मानसाला?"

"खिडकीवर भेटले की. उतारा त्यानंच दिला."

"मंग मी विचारीन. तू तोंड उघडू नको."

कंपनीचे कार्यालय कर्जतच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानावर होते. जिना अरुंद, आणि वर काचेचा दरवाजा. आत थंडगार. दाढी कोरलेला प्रवीण नावाचा अधिकारी टेबलामागे बसला होता.

"बसा आजी."

"चंद्राबाई म्हन. आजी तुझी घरी आसंल."

प्रवीण हसला, मग हसणे आवरते घेतले. वनिताने कागद पुढे केला, तो चंद्राबाईने मध्येच हाताने थोपवला. "ह्यो कागद नको. तुझ्या यंत्रात बघून सांग. दत्ता ऐनकर, कडाव. म्हशी."

त्याने कळा दाबल्या. चंद्राबाई त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली, ते वनिताकडे वळतात का म्हणून. वळले नाहीत.

"हो, विमा आहे. कर्जदाराला काही झालं तर कर्ज फिटतं. चांगली योजना आहे ही."

"आमी मागितली व्हती का?" वनिताने विचारले. चंद्राबाईने तिच्याकडे बघितले, पण रोखले नाही.

"मागितल्याशिवाय देतो का आम्ही? तक्रार असेल तर मूळ पॉलिसी आणा. पोस्टानं घरी पाठवली होती, विमेदाराच्या नावानं. ती असल्याशिवाय फाइल उघडत नाही."

"कुनाच्या नावानं?"

त्याने पडद्यावरून वाचले, "धाकलू भिवाजी ऐनकर. सहकर्जदार. जमीन त्यांच्या नावावर दिसते ना, सातबाऱ्यावर."

वनिताने झटकन सासूकडे पाहिले. धाकलू भिवाजी म्हणजे तिचा सासरा. कर्ज काढायच्या आधीच तो गेला होता. सातबारा तेवढा बदलायचा राहिला होता. परक्या माणसाच्या तोंडून नवऱ्याचे नाव उघड्यावर पडल्याने चंद्राबाईच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ती उठली आणि जिना उतरू लागली, आणि वनिता दोनच हातांनी पिशवी, कागद आणि काचेचा दरवाजा एकदमच सांभाळत मागे धावली.

परतीच्या सहाआसनी रिक्षात वनिता दबक्या आवाजात बोलत होती. "मेल्या मानसाचा विमा! आत्याबाई, आवो, मामंजी गेल्यावरचा विमा ह्यो. ती पॉलिसी गावली ना, तर त्यांच्या तोंडावर मारता येईल. आली आसंल का घरी? तुमी बघितलीत का?"

"मला काय ठावं," चंद्राबाई म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

तिला ठाऊक होते. जाड, पांढरा, खिडकी असलेला लिफाफा. तो पोस्टमनने पितृपक्षातच आणून दिला होता. नाव कुणाचे ते तिने पोस्टमनच्या तोंडून ऐकले आणि तिच्या अंगावर काटा आला. गेलेल्या माणसाला आलेले पत्र फोडायचे नसते. ते ज्याचे त्याला पोचवायचे असते. सर्वपित्रीला पितरांचे पान घेऊन ती पेज नदीवर गेली तेव्हा तिने तो लिफाफा पानाखाली ठेवला आणि दोन्ही पाण्यात सोडले. भिवपुरीच्या वीजघरातून पाणी सुटलेले होते, नदी फुगलेली होती. पान फिरत फिरत गेले, लिफाफा थोडा वेळ तरंगला आणि बुडाला. नवऱ्याचे टपाल त्याला मिळाले, एवढे समाधान घेऊन ती घरी आली होती.

उन्हाळी भाताची कापणी अंगावर आली. वीजघराच्या पाण्यावर पिकलेले ते भात, पावसाच्या भाताहून आखूड आणि कोरडे. ऊन खाचरात ताटासारखे तापलेले. वनिता विळा चालवी, भारे बांधी, डोक्यावरून खळ्यात आणी; खळ्यात फळीवर भारे झोडपी, आणि चंद्राबाई सुपाने वारवी. कुसळे दोघींच्या मानेत शिरत. दोघी बोलत नसत. दुपारी सगळे सावलीला टेकले की वनिता मात्र घरात शिरे आणि शोधू लागे. माळ्यावरच्या टोपल्या, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, भिंतीतल्या खिळ्याला लटकवलेल्या बिलांची तार, फुटक्या हंड्यातले कागद. घामाने माखलेल्या अंगाला माळ्यावरची धूळ चिकटे आणि ती तशीच परत खळ्यात येई.

चंद्राबाई ते सारे पाहत होती. शोधू देत होती. एकदा वनिता पेटीपुढे येऊन थांबली, मनाईची आठवण होऊन मागे सरली.

"बघायचंय तर बघ," चंद्राबाई म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून पुढे टाकली.

वनिताने किल्ली उचलली नाही. "नको. उद्या केस तुटलेला दिसंल, मंग परत म्हनाल."

चंद्राबाईने किल्ली उचलून पुन्हा कमरेला खोवली. इतक्या वर्षांत सुनेने तिला दिलेले हे पहिले उलट उत्तर. तिने पाहिले, वनिताच्या हातांना विळ्याने चिरा पडल्या होत्या आणि चिरांत हळद भरलेली होती.

संध्याकाळी दत्ता आला. ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "जाऊंदे गं आये. कागद नाय तर काय करायचं? कंपनी मोठी. आपन सोडून देऊ."

"तुला सोडायला काय जातंय? तुझ्या गळ्यातलं काय गेलंय का रं?"

दत्ता घास धरून तसाच बसला. वनिता भाकरी थापता थापता थांबली. चंद्राबाई स्वतःच्या शब्दांनी दचकली, आणि ताट सरकवून उठली.

"पंचायतीतून त्यांच्या मृत्यूचा दाखला काढून आन," ती दत्ताला दाराकडे तोंड करून म्हणाली. "सकाळच्याला."

दुसऱ्यांदा ती त्या कार्यालयाचा जिना चढली. हातात दाखला होता. वनिता मागे. प्रवीणने दोघींना ओळखले आणि खुर्ची मागे रेलली.

"आणलीत का पॉलिसी?"

"नाय. ती नदीत गेली. मीच सोडली." चंद्राबाई उभी राहूनच बोलत होती. "गेलेल्या मानसाच्या नावाचा लखोटा आला, तो त्याला पोचवला. ह्यो दाखला. तुमी विमा काढलात त्याच्या आधीची तारीख हाय का नाय, वाच."

प्रवीणने वाचले. चेहरा बदलला, पण तो मुरलेला होता. "बघा, असं असेल तर ती तुमच्याकडूनच चुकीची माहिती गेली. आमच्याकडे संमती आहे. विमेदाराला फोन लावून विचारल्याशिवाय विमा निघत नाही. त्यांनी स्वतः होकार दिलाय. रेकॉर्ड आहे."

"कुनी दिला?"

"धाकलू ऐनकर यांनी."

"ऐकव."

"ते असं..."

"ऐकव म्हनलं ना!"

पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. प्रवीणने जरा वेळ कळा दाबल्या आणि यंत्र बोलू लागले. आधी एका मुलीचा गोड, घाईचा आवाज आला.

"नमस्कार सर, धाकलू भिवाजी ऐनकर बोलताय का?"

पलीकडे म्हैस ओरडली. मग एक जाडाभरडा आवाज: "कोन गं तू?"

"सर, आपल्या कर्जासोबत सुरक्षा विमा दिला जात आहे. त्याला आपली संमती आहे का?"

"मी शेन काढतीय. नंतर कर."

"सर, फक्त हो किंवा नाही सांगा."

"त्यांचं नाव कशाला घेतेस तू सारखं?"

"सर, हो किंवा नाही?"

"हो बाई, हो. ठेव आता."

"धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो."

यंत्र थांबले. पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती. चंद्राबाईने टेबलाची कड पकडली. तो आवाज तिचा होता. ती तिची म्हैस होती, कर्जाच्या आधीपासून गोठ्यात असलेली. मालकांच्या नंबरावर आलेला तो फोन तिला आठवतही नव्हता; आठवले ते इतकेच, की कुणी परकी पोर त्यांचे नाव घेऊन विचारत होती, आणि त्या नावापुढे 'नाही' म्हणायला तिची जीभ वळली नव्हती. ते नाहीत, असे तिने आजवर कुणाला तोंडाने सांगितले नव्हते. म्हणून हो म्हटले. घरातल्यांवर नजर ठेवता ठेवता छत्तीस हजारांना हो म्हणणारी घरात तीच होती.

मग वनिता पुढे आली. तिचा आवाज चढला नाही.

"साहेब, ह्यातला सर कोन?"

प्रवीणने पडदा आपल्याकडे वळवला.

"बाईमानूस बोलतंय हे तुमच्या पोरीला कळलं नाय? म्हशीला कळलं आसतं. मामंजींचा दाखला तुमच्या हातात हाय. ह्या बोलन्याची नक्कल द्या, नायतर आमी विम्याच्या लोकपालाकडं अर्ज करतो आन् तिथं ऐकवायला सांगतो. पॉलिसी तुमच्याकडं पन हाय. आमची नदीत गेली, तुमची नाय गेली."

"मॅडम, तुम्ही बसा. चहा घ्या."

"चा नको. अर्ज घ्या आन् पोच द्या."

चंद्राबाई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सुनेला अर्जावर शिक्का मारून घेताना पाहत होती. शिक्का पुसट उठला तेव्हा वनिताने तो परत मारायला लावला. साळू असती तर तिनेही परतच मारायला लावला असता.

खाली आल्यावर दोघी रसवंतीच्या बाकावर टेकल्या. वनिताने दोन पेले सांगितले. चंद्राबाई म्हणाली, "मला ठावं व्हतं लखोट्याचं. तू सोधत व्हतीस तवा."

"कळलं मला. आता, वरती."

"मंग बोल काय तरी."

वनिताने पेल्यातला बर्फ बोटाने बाजूला केला. "काय बोलू? प्या. पातळ होईल."

कंपनीने आधी टोलवले, मग पत्र पाठवले, मग आणखी कागद मागितले. वनिता प्रत्येक वेळी गेली आणि प्रत्येक वेळी पोच घेऊन आली. चंद्राबाईने एकदाही विचारले नाही की तिथे कुणाला भेटलीस. राब पेरले, रोपे वाढली, लावणी झाली. चिखलात ओणवून ओणवून कंबरा धरल्या. खाचरे हिरवी झाली तेव्हा दत्ताच्या फोनवर निरोप आला, की विम्याची पूर्ण रक्कम व्याजासकट खात्यात जमा. दत्ताने तो निरोप दोनदा मोठ्याने वाचला. वनिता गोठ्यात होती. "आले ना?" एवढेच म्हणाली. "मी खोटी न्हवते एवढं दिसलं. बास झालं." आणि शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडे गेली.

गौरी चार दिवसांवर आल्या असताना चंद्राबाई कुणाला न सांगता कर्जतला गेली. सोनार तोच, ज्याने बोरमाळ मोडली होती. तिने गादीवर बसून पाटल्या काढायला घेतल्या. त्या निघेनात. चाळीस वर्षांत मनगट त्यांच्याभोवती वाढले होते. सोनाराने साबणाचे पाणी आणले, तरी अंगठ्याच्या हाडाशी अडल्या.

"कापाव्या लागतील, काकी. जुनं काम आहे, मोडायचं पाप वाटतं. त्यापेक्षा विम्याचे आले म्हणता ते पैसे भरा आणि लाखेवर मढवलेले मणी करून देतो. सोनं कमी लागेल, दिसायला तसंच. आताचा भाव माहीत आहे ना?"

"पैसे सुनेच्या खात्यावर टाकलेत. त्यात हात घालायचा नाय."

"मग मणी थोडे कमी करू?"

"गेली ती किती व्हती?"

सोनाराने आठवल्यासारखे केले. चंद्राबाईने त्याला आठवू दिले नाही. "मला ठावं हाय किती व्हती. तितकीच पायजे. एक मनी कमी नको, आन् मन्यात लाख नको. काप."

कात्री लागली तेव्हा तिने तोंड फिरवले नाही. सोने वितळून काट्यावर आले तेव्हा सोनाराचा अंगठा कुठे आहे यावर तिची नजर होती. घट किती धरली, सांध्याला टाका कशाचा लावला, तिने सारे विचारले. आणि माळ ओवून होईस्तोवर, शेजारच्या दुकानाची फळी पडेपर्यंत, ती तिथून हलली नाही.

गौरी आणायच्या दिवशी पहाटे गोठ्यात वनिता धारेला बसली होती. चंद्राबाई आली आणि पुडी तिच्या ओच्यात टाकली. वनिताने कासंडी खाली ठेवली, कागद उलगडला. मणी एकमेकांवर आपटून बारीक वाजले. तिने वर पाहिले, आणि सासूच्या मनगटांकडे तिची नजर गेली. तिथे दोन पांढुरके, सुरकुतलेले वळ होते.

"आत्याबाई..."

"वजन करून घे."

"तुमी केलं आसंल की."

"केलं. पन तू सोताच्या डोळ्यांनी कर. काट्यावर ठेव, बाजारातल्या दुसऱ्या सोनाराकडं ने. माझ्या शब्दावर जाऊ नको." किल्ली तिने खुंटीला अडकवली, वनिताच्या हाताला येईल अशी. "बरोबर भरली तर घाल. कमी भरली तर मला सांग, अजून देनं हाय म्हनून समजीन."

वनिताने बोरमाळ तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि डोळे मिटून क्षणभर तशीच तोलत राहिली. बापाने ती गळ्यात घातली होती त्या दिवसाचे वजन तिच्या हाताला ठाऊक होते.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि माळ गळ्यात घालून फासा मागे ओढला. मणी त्या उजळ रेघेवर बसले.

चंद्राबाई म्हशीखाली उकिडवी बसली. मोकळी मनगटे कासंडीवर हलू लागली. पाटल्यांचा आवाज नव्हता. नुसती धार वाजत होती.